नावावर नसलेलं घर

सासूबाई आमच्याकडे आयर्लंडला, वॉटरफोर्डला आल्या त्या तीन महिन्यांसाठी. दोन हजार वीसचा फेब्रुवारी होता. एका बॅगेत कपडे, दुसरीत कांदालसूण चटणी आणि पर्समध्ये मे महिन्याचं परतीचं तिकीट. मार्चमध्ये विमानं बंद झाली. इथे अडकलेल्या पाहुण्यांच्या व्हिसाची मुदत सरकारने आपोआप वाढवली, मग परत वाढवली, आणि सासू-सून एका छपराखाली किती काळ गुण्यागोविंदाने राहू शकतात याची परीक्षा सुरू झाली. आम्ही पास झालो, पण काठावर.

माझा नवरा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्या काळात तो घरी यायचा तो आंघोळीला आणि झोपायला. मी शहराबाहेरच्या एका कारखान्यात काम करते. तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियेला लागणारी उपकरणं बनतात, पण मी उपकरणं बनवत नाही, त्यांचे कागद सांभाळते. कोणतं मशीन कसं चालवायचं हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं, तो सही करणाऱ्याने खरोखर वाचलाय का, हे विचारण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे लोक मला टाळतात. लॉकडाऊनमध्ये हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई लसूण सोलत बसू लागल्या.

त्यांचं बोलणं अस्सल कोल्हापुरी. तिकडच्या बायकांच्या रिवाजाने स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी जेवलो'. माझं माहेर पुण्याचं. लग्नानंतर सुरुवातीला मला ते ऐकून हसू यायचं, आता माझ्याही तोंडून कधीतरी निसटतं. इथल्या घरातल्या दोन गोष्टी त्यांना आवडल्या. एक म्हणजे खिडकीतून दिसणारी नदी, आणि दुसरी म्हणजे हॉट प्रेस. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते तो हॉट प्रेस. लोक त्यात टॉवेल वाळवतात. सासूबाईंनी त्यात सांडगे वाळवले. आयर्लंडमध्ये ऊन शोधत बसण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या टॉवेलांना त्या वर्षी कायम जिऱ्याचा वास होता.

मृत्युपत्राचं प्रकरण सुरू झालं ते माझ्यामुळे. घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जायला बंदी होती आणि सगळं आयर्लंड पाव भाजत होतं. मला पाव भाजायचा नव्हता. गावातल्या एका इतिहासप्रेमी मंडळाने जुनी हस्ताक्षरं वाचायला शिकवण्याचा ऑनलाइन वर्ग काढला, त्यात मी नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. कुणी कितीही चुकीचं वाचलं तरी 'ग्रँड, ग्रँड' म्हणायच्या आणि मग शांतपणे ती ओळ पहिल्यापासून परत वाचायला लावायच्या.

आम्हाला वाचायला मिळालं ते पंधराव्या शतकातल्या एका इंग्लिश विधवेचं मृत्युपत्र. पश्चिम इंग्लंडमधल्या एका बंदरात तिच्या नवऱ्याचा व्यापार होता. त्याची जहाजं वॉटरफोर्डला यायची-जायची, म्हणून तिने इथल्या एका चर्चसाठीही मेणबत्त्यांची सोय करून ठेवली होती. त्या मेणबत्त्यांमुळे आमच्या वर्गातल्या वॉटरफोर्डकरांना ती घरची वाटायची. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवरा जिवंत असेपर्यंत बायकोला त्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, कारण तिचं म्हणून जे काही असेल ते त्याचंच. नवरा गेला की मग ती आपल्या भांड्याकुंड्यांची आणि पलंगाची मालकीण व्हायची. त्यामुळे बायकांची मृत्युपत्रं सापडतात ती बहुतेक विधवांची.

दर आठवड्याला आमच्या वाट्याला थोड्या ओळी यायच्या. मी त्या मोठ्याने वाचायचे, कारण ती जुनी इंग्लिश डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. सासूबाईंना इंग्लिश बेताचंच. एक दिवस लसूण सोलता सोलता त्यांनी विचारलं, "कोन मेलं?"

मी सांगितलं.

"विधवा हुती व्हय. मग काय काय हुतं तिच्याजवळ?"

तेव्हापासून वर्गात वाचलेलं सगळं त्यांना मराठीत सांगायची ड्यूटी माझ्यामागे लागली. पिसांची गादी थोरल्या मुलीला. चांदीचे चमचे नातवंडांना, एकेक. पितळेचं मोठं भांडं मोलकरणीला. फरची किनार लावलेला निळा झगा शेजारणीला. सासूबाई प्रत्येक वस्तूवर थांबायच्या. भांडं केवढं? झगा नवा का वापरून झिजलेला? आणि सुनेला काय?

सुनेला टेबलावर घालायचं एक कापड होतं.

"एकच?"

"एकच."

"भांडान असनार," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता लसणाची पाकळी वाटीत टाकली.

वर्गातल्या बाईंना मी हे मत कळवलं. त्या म्हणाल्या, तसं म्हणता येणार नाही, ते कापड भारी किमतीचंही असू शकेल. सासूबाईंना हे पटलं नाही. पुढे कित्येक दिवस 'ती कापडवाली सून' असा उल्लेख घरात होत राहिला. कुणाच्या सुनेविषयी चाललंय हे दर वेळी नक्की सांगता आलं नसतं, म्हणून मी मान खाली घालून काम करायचे.

आता कोल्हापूरच्या घराविषयी सांगायला हवं. सासऱ्यांनी ते नोकरीत असताना बांधलं. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे नळ आणि कढीपत्त्याचं झाड. बांधकाम चालू असताना सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारायचं काम सासूबाईंनी केलं, आणि हे त्या आजही कुणाला विसरू देत नाहीत. सासरे वारले ते आम्ही इथे आल्यानंतर. आम्ही धावतपळत कोल्हापूरला गेलो, आणि सुतक फिटायच्या आत ओळखीचे वकील हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन घरी आले.

बाप गेला की बहिणीने भावाच्या नावे हक्क सोडून द्यायचा, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी देणं म्हणत नाही. बहीण सही करते, कारण नाही केली तर माहेर तुटेल अशी भीती. भाऊ घेतो, कारण सगळेच घेतात. माझ्या नणंदेने सही केली. तिच्याबरोबर त्याच कागदावर सासूबाईंचाही हक्क सोडवून घेतला. वकील म्हणाले, एकच नाव असलेलं बरं, पुढे कटकट नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही वाचलंत का हे?" तर आतेसासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चहा ठेवायला गेले. पुढे रजिस्टर ऑफिसात दोघींचे फोटो निघाले, अंगठे झाले. घर माझ्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आलं. सासूबाई त्यात पूर्वीसारख्याच राहत राहिल्या, त्यामुळे काही बदललंय असं कुणालाच वाटलं नाही.

ते बदलल्याचं लक्षात आलं लॉकडाऊनमध्ये. नणंद इचलकरंजीला भाड्याच्या घरात राहायची. तिचा नवरा एका हॉटेलात मॅनेजर होता, ते हॉटेल बंद झालं ते परत उघडलंच नाही. आईचं घर तसंही रिकामं आहे, झाडाला पाणी घालायला कुणीतरी हवंच, असं म्हणत ती नवरा आणि दोन मुलींना घेऊन कोल्हापूरच्या घरात राहायला आली. 'तात्पुरतं' हा शब्द तिने फोनवर इतक्या वेळा वापरला की सगळ्यांना कळलं, तिला दुसरीकडे जायला जागा नाही.

त्याच सुमारास आमच्या घरमालकाने इथलं घर विकायला काढलं. भाड्याचं दुसरं घर मिळेना. आपण स्वतःचंच घर घेऊ असं आम्ही ठरवलं, आणि त्याला लागणारी सुरुवातीची रक्कम कुठून आणायची याचं उत्तर नवऱ्याकडे तयार होतं. कोल्हापूरचं घर विकायचं. एजंटने गिऱ्हाईकही आणलं. आईला आपल्याकडेच ठेवू, बहिणीला काहीतरी देऊ, असं तो म्हणाला. ते 'काहीतरी' मला खटकलं, पण घर मलाही हवं होतं. सकाळी उठून भाड्याच्या जाहिराती चाळायचा मला वीट आला होता. त्यामुळे मी कुणाची बाजू घेत होते असं म्हणणार नाही. माझे पाय दोन्ही दगडांवर होते.

गिऱ्हाइकाचं सासूबाईंना कुणी सांगितलं नाही. पण घर लहान, नवरा फोनवर मोठ्याने बोलणारा, आणि लेकीचा फोन रोजचा. त्यांना काय काय कळलं होतं याचा अंदाज मला तेव्हा आला नाही.

हिवाळ्यात आमचा वर्ग मृत्युपत्राच्या शेवटाकडे आला, आणि तिथे त्या विधवेच्या घराचा उल्लेख आला. ते घर आणि खालचं दुकान नवऱ्याने तिला फक्त ती जगेपर्यंत राहायला दिलं होतं. तिच्यानंतर ते मुलाचं. म्हणजे तिला ते कुणालाही देता येणार नव्हतं. तरी तिने त्यातलं थोडं दिलं होतं. तिची धाकटी मुलगी विधवा होऊन परत आली होती. त्या मुलीने दुकानावरच्या शेकोटीच्या खोलीत मरेपर्यंत राहावं, जिन्याने आणि मागच्या विहिरीपर्यंत तिला मोकळेपणाने जाता-येता यावं, असं लिहून पुढे म्हटलं होतं, की माझ्या मुलाला माझा आशीर्वाद हवा असेल तर त्याने याला हरकत घेऊ नये.

बाई म्हणाल्या, अशी वाक्यं त्या काळच्या मृत्युपत्रांत येतात. कायद्याने हात बांधलेले असले की आई आशीर्वाद पुढे करायची. कोर्टात त्याचा उपयोग शून्य.

मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या चपात्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"मग दिली का लेकानं खोली?"

"ते कळायला मार्ग नाही, आई. त्याचा काही कागद सापडलेला नाही."

"मग इतकं दीस काय वाचायलाय तुमी? मधलंच वाचायचं आन् सोडून द्यायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

त्या खरंच चिडल्या होत्या.  मला वाटलं, गोष्ट अर्धवट राहिली म्हणून चिडल्या असतील.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये कोल्हापूरहून रोज वाईट बातम्या यायला लागल्या. गल्लीतले शेजारी, भिशीतल्या मैत्रिणी, सासऱ्यांचे ऑफिसातले मित्र. सासूबाई फोन ठेवायच्या आणि बराच वेळ नदीकडे बघत बसायच्या. मला त्यांची काळजी वाटायची. एका दुपारी त्या आपणहून म्हणाल्या, "माझं बी मृत्युपत्र करूया. त्या बाईगत."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, लिहू दे की. तिच्याकडे दागिने, भांडी आणि बँकेत थोडंफार आहे, ते कुणाला द्यायचं ते ठरवू दे.

"आणि त्यात त्यांनी घर लिहिलं तर?"

"लिहिलं तर लिहिलं. बेसिकली घर माझ्या नावावर आहे, ते तिच्या लक्षात नसेल. तसंही त्या पेपरला काही व्हॅल्यू नाही. तिचं समाधान होतंय ना, मग दॅट्स ग्रँड."

माझं डोकं फिरलं. ज्या कागदाला अर्थ नाही हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, तो कागद कुणाच्या तरी समाधानासाठी बनवायचा, याच्याइतकी मला चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं ते होतं. मी म्हटलं, त्यापेक्षा आईंना सरळ सांग, घर त्यांच्या नावावर नाही. तो म्हणाला, "तू सांग." मी म्हटलं, सही तुझ्यासाठी केली होती त्यांनी, मी का सांगू? त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

रविवारी त्याला सुट्टी होती. जेवणं झाल्यावर सासूबाई टेबलाशी येऊन बसल्या. मी लॅपटॉप उघडला तर म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे. ह्यो लिवंल." मग त्याला म्हणाल्या, "कागदावर लिव. हातानं."

त्याने लिहायला घेतलं. पाटल्या नणंदेच्या थोरल्या मुलीला. मोहनमाळ धाकटीला. बँकेतलं जे असेल ते लेकाला आणि लेकीला सारखं. तांब्याचा बंब शेजारच्या काकूंना, कारण त्यांचा डोळा होता त्याच्यावर पहिल्यापासून. पैठणी आणि बोरमाळ सुनेला. बोरमाळ मला मिळेल असं वाटलं नव्हतं. कापडवाल्या सुनेपेक्षा माझं बरं चाललं होतं, आणि मला खरोखर आनंद झाला.

"आनि कोल्हापूरचं घर," सासूबाई म्हणाल्या, "खालचं-वरचं समदं, मागच्या नळासकट, लेकीला."

नवऱ्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्याने खाली मान घालून तेवढंही लिहिलं.

"लिवलंस?"

"हो, आई."

"वाचून दाखव."

त्याने घराची ओळ वाचून दाखवली. हॉस्पिटलात पेशंटशी बोलताना तो जो आवाज वापरतो, त्या आवाजात.

"ते घर माझ्या नावावर न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तुला ठाऊक हाय न्हवं?"

त्याने पेनाला टोपण लावलं.

"मला बी ठाऊक हाय. वकिलानं कागद फुडं केला तवा मी वाचला न्हवता, खरं हाय. पर रजिस्टर ऑफिसात त्या बाईनं इचारलं, आजी, तुमी घरातला हक्क सोडायलाय, कळतंय न्हवं? तवा कळलं. तू भाईर गाडी लावाय गेलतास."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तवा तुझा बाप गेल्याला. घर कुनाच्या नावावर हाय ह्याचं मला काय पडलं न्हवतं."

"आणि आज हे सगळं माहिती असून माझ्याकडून लिहून घेतलंस?"

"तू काय म्हनतोस ते बघायचं हुतं," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "न्हाई म्हनला असतास तर भांडलो असतो. व्हय म्हनला असतास तर बरं वाटलं असतं. तू काय बी म्हनला न्हाईस. नुसतं लिवलंस. म्हातारी हाय, लिवू दे, म्हनून."

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही, हे मी बायको म्हणून सांगत नाही, त्याच्या वॉर्डातले लोकही सांगतील. 

"आई, मागितलं असतंस तर मी दिलं असतं."

"दिलं असतंस. गुनाचा हाईस. पर मग ते तू दिल्यालं झालं असतं. ती जल्मभर तुझ्याफुडं मान खाली घालून बसली असती." सासूबाईंनी टेबलावरून हात फिरवला. "मला माझं द्यायचं हाय."

तो उठला, जॅकेट घातलं आणि नदीच्या बाजूला निघून गेला. तो कागद तिथेच राहिला. सासूबाईंनी तो उचलला नाही, मीही नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो इथल्या घराचा, जे आता आम्हाला घेता येणार नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं बरेच दिवस गेलं नाही. त्याच वेळी समोर बसलेल्या या बाईविषयी मला इतका आदर वाटला की तो लपवायला मी भांडी घासायला घेतली.

भांडी घासता घासता मी विचारलं, "आई, त्या बाईसारखं आशीर्वादाचं वाक्य घालायचं का शेवटी?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आशीर्वाद त्याला हायच. त्यानं घर दिलं तरी हाय, न्हाई दिलं तरी हाय. तिनं तसं लिवाय नको हुतं."

पुढचे काही दिवस माय-लेकांत कामापुरतंच बोलणं होतं. तो ड्यूटीवर जायचा, यायचा, जेवायचा. मी मध्ये पडले नाही. मग एक दिवस जेवताना त्याने आईला विचारलं, "घर तिला दिलं, तर तू कुठे राहणार?"

"लेकीच्या घरात. ऱ्हाऊ देईल की ती मला."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी एजंटला फोन करून गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतरचं काम माझ्या हातातलं होतं. हक्कसोड एकदा नोंदली गेली की ती परत फिरवत बसण्यापेक्षा भावाने बहिणीला बक्षीसपत्र करून देणं सोपं, असं कोल्हापूरच्या दुसऱ्या वकिलांनी सांगितलं. दुसऱ्या म्हणजे, पहिल्यांकडे जायला मी ठाम नकार दिला. नवऱ्याने डब्लिनला दूतावासात जाऊन मावसभावाच्या नावे मुखत्यारपत्र केलं, आणि कोल्हापुरात नोंदणी त्याने केली. बक्षीसपत्रात मी एक कलम घालायला लावलं, की सासूबाई हयात असेपर्यंत त्या घरात राहायचा हक्क त्यांचा. सासूबाई म्हणाल्या, कशाला, पोटची पोर हाय ती. नणंदही थोडी दुखावली. मी ऐकलं नाही. माया आहे म्हणून त्यांचा हक्क कागदावर ठेवायचा नाही, हे त्या घराच्या बाबतीत मी परत होऊ देणार नव्हते. मसुदा आला तेव्हा तो सासूबाईंना चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायला लावला. त्यांनी तो वाचला, मला दोन शंका विचारल्या, आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताखाली काम करनाऱ्यांची दया येती."

सासूबाई त्या वर्षीच्या शरद ऋतूत परत गेल्या. आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याचं घर घेतलं. ते आधीच्यापेक्षा लहान आहे, आणि तिथून मागच्या पार्किंगशिवाय काही दिसत नाही.

त्या पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. आम्ही जेवत होतो, म्हणून नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ती बोलता बोलता रडायला लागली.

"दादा, एवढं कोन करतंय रे. आमच्या सासरी सगळी म्हनत्यात, असा भाऊ बघितला न्हाई. तू एवढं मोठं घर दिलंस, मी तुझं कसं..."

"मी नाही दिलं," तो म्हणाला.

"आं?"

"मी नाही दिलं. आईनं दिलं."

"पर कागदावर तर तुझंच नाव हाय, दादा. मी बघितलं की. देनार म्हनून तुझंच..."

"कागदावर काय असायचं ते असू दे. घर आईचं होतं. तिनं तुला दिलं." त्याने पानातला भात कालवला, पण खाल्ला नाही. "तू मला थँक्यू म्हणू नकोस."

 पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्या फोनजवळच बसलेल्या असणार.

"बरोबर बोलला त्यो," त्या लेकीला म्हणाल्या. "आता डोळं पूस आन् मला जेवाय वाढ."